फॅक्स मशीनमधली बाई

मित्रांनो, मी एक जुनी फॅक्स मशीन आहे आणि माझ्या अंगात एक बाई आहे. मुरबाड तालुक्यातली चार गावं याची साक्ष देतील. त्यातल्या तीन गावांत तेव्हा फोनची तारही पोचलेली नव्हती, पण साक्ष द्यायला तार लागत नाही.

माझा जन्म कुठल्यातरी दूरदेशीच्या कारखान्यात झाला. ते मला फारसं आठवत नाही. पहिली आठवण आहे ती थर्माकोलच्या अंधाराची आणि एसटीच्या टपावर बसलेल्या धक्क्यांची. मुरबाडला रेल्वे नाही, त्यामुळे एकविसावं शतक इथे यायचं तर कल्याणहून एसटीनेच यावं लागतं. १९९६ साली मी आले. स्टँडसमोर मंगेशमामांचा एसटीडी बूथ होता. पिवळी पाटी, काचेची खोली, आत पंखा. मामांनी मला टेबलावर ठेवलं. गुणाबाईमामींनी माझ्यावर लोकरीचा विणलेला रुमाल घातला.

ते दिवस माझ्या कौतुकाचे होते. कारखान्यांच्या ऑर्डरी माझ्यातून यायच्या, वकिलांच्या तारखा यायच्या. बाजूच्या झेरॉक्सवाल्याकडे वीज गेली की लोक रेशनकार्डाची नक्कल काढायलाही माझ्याकडेच यायचे, आणि दोघांकडची वीज एकदमच गेली आहे हे कळल्यावर बंद पंख्याखाली बसून राहायचे. एक कागद गेला की मी छोटी पावती छापायचे: पानं एक, निकाल ओके. लोक ती पावती देवळातल्या प्रसादासारखी दोन्ही हातांनी घ्यायचे.

मंगेशमामांची भाची वर्षा. तिचं गाव सिद्धगडाच्या पायथ्याशी, घरी भातशेती. ती मुंबईला औषधशास्त्रात पीएच.डी. करत होती. गावाच्या कडेच्या वाडीत म्हादू नावाचा एक मजुरी करणारा माणूस राहायचा. त्याने तिला डोंगरातली एक मुळी दाखवली होती. सुजलेल्या सांध्यावर ती उगाळून लावतात. वर्षाने त्या मुळीचा अर्क काढला, त्याचे सात भाग वेगळे केले. त्यातला एकच भाग, सातवा, सूज उतरवत होता. तो नेमका काय आहे हे सांगणारं यंत्र मुंबईत नव्हतं. जर्मनीतल्या एका विद्यापीठात होतं. तिथल्या लोकांनी लिहिलं होतं की रचना आम्ही शोधू, परिणाम तुम्ही तपासा, काम मिळून करू. त्यासाठी विमानाचं भाडं आणि सहा महिन्यांचा खर्च देणारी एक प्रवास-शिष्यवृत्ती होती. वर्षाने तिथे अर्ज केला. अर्जावर फॅक्स क्रमांक माझा दिला, कारण तिच्या कॉलेजचा फॅक्स प्राचार्यांच्या खोलीत कुलपात असे आणि त्यात आलेले कागद साहेबांच्या सवडीने जन्म घेत.

१९९८ च्या श्रावणात मला शिट्टी आली आणि मी दोन पानं छापली. पहिलं पत्र, दुसरा फॉर्म. मामांनी धावत जाऊन शाळेतल्या साईनाथ गुरुजींना आणलं. गुरुजींनी पहिली ओळ मोठ्याने वाचली, मनात तिचा अर्थ लावला आणि जाहीर केलं, "मिळाली."

पुढच्या ओळी कोणी वाचल्या नाहीत. त्यात लिहिलं होतं की सोबतचा फॉर्म भरून एकतीस ऑगस्टच्या आत पाठवावा.

"पोरीला फोन लावतो," मामा म्हणाले.

"फोनवर काय सांगतो रे?" गावचे पुढारी चांगोशेठ म्हणाले. "परदेशी चाललेली तालुक्यातली पयली पोर. गणपतीला येतेच हाय ना? आदी सत्कार, मग बातमी. तिला नारळ देऊ, शाल देऊ, नि त्याच्यावर पत्र. तवर कोनी बोलायचं नाय."

कोणी बोललं नाही. आमच्याकडे एरवी पोटात एक गोष्ट राहत नाही. ही मात्र सगळ्या गावाने अठरा दिवस सांभाळली. पत्र मामांच्या देव्हाऱ्यात होतं.

सत्कार तीस तारखेला, रविवारी झाला. तो बूथपासून हाकेवर, मारुतीच्या मंडपात होता, म्हणून लाऊडस्पीकरवरून मला सगळं ऐकू आलं. पाच भाषणं झाली. चांगोशेठांनी जर्मनीचं हवामान सांगितलं. मग पत्र दिलं गेलं, टाळ्या झाल्या, आणि पाच मिनिटांनी वर्षा शाल अंगावर तशीच घेऊन बूथमध्ये पळत आली.

"मामा, उद्या शेवटची तारीख आहे."

"मग आजच धाडू की. आपली मशीन कशाला हाय?"

तिने फॉर्म टेबलावर ठेवला. डाव्या कडेला, एकाखाली एक, दोन चौकोन होते. वरचा शिष्यवृत्ती स्वीकारते म्हणून, खालचा नाकारते म्हणून. तिने वरच्यात नीट खूण केली आणि खाली सही केली. एवढ्यात मामी ताट घेऊन आल्या.

"थांब गो. पोर जायच्या आदी तिचा कागद चाललाय समुद्रापार. तसाच कोरडा धाडतात काय?"

आमच्याकडे घरातून कोणी लांब निघालं की त्याला कुंकू लावतात, हातावर दही देतात. मामींनी वर्षाच्या हातावर दही ठेवलं. मग पाण्यात कालवलेलं कुंकू बोटावर घेऊन, जिथून मी कागद आत घेते तिथे, माझ्या तोंडाला लावलं. बोट ओलं होतं. एक थेंब आत गेला.

मित्रांनो, तो थेंब माझ्या काचेवर पडला तेव्हा मला काही वाटलं नाही. मी कागद त्या काचेवरून ओढला; कागद मी तिथेच वाचते, ओळ ओळ सरकवत. नंबर लागला, शिट्टी झाली, कागद दुसऱ्या बाजूने जसाच्या तसा बाहेर आला. मी पावती छापली. निकाल ओके.

वर्षाने ती पावती कपाळाला लावली. सोमवारी पहाटेच्या गाडीने ती मुंबईला परत गेली.

सोमवारी सकाळी शेजारच्या हिराबाई रेशनकार्डाची नक्कल काढायला आल्या. नक्कल बाहेर आली. कागदावर डाव्या बाजूला, वरपासून खालपर्यंत, बोटभर रुंद काळी सावली उभी होती.

"मंगेश, ही कोन बाई?"

"कसली बाई? पट्टी हाय ती."

"पट्टीला पदर असतो काय?" हिराबाई म्हणाल्या. एकदा पदर दिसल्यावर तो सगळ्यांनाच दिसायला लागला. मामांनी सातबारा घालून पाहिला, लग्नाची पत्रिका घालून पाहिली. प्रत्येक कागदावर ती त्याच जागी उभी. दुपारपर्यंत बूथसमोर पन्नास माणसं जमली. मामांनी माझी वीज काढली, तारेवर साधा फोन जोडला आणि मेकॅनिक आणायला ते कल्याणच्या जीपमध्ये बसले. बूथवर मामी राहिल्या.

अडीच वाजता फोन वाजला. मामींनी उचलला.

"हॅलो. कोन बोलतंय?" पलीकडून बारीक, लांबलचक शिट्टी आली. ती शिट्टी मी ओळखते. तिकडची मशीन मला हाक मारत होती. मी तारेवर असते तर मीच उत्तर दिलं असतं, म्हणून ती मामींनी आजवर कानाने कधी ऐकलीच नव्हती. त्यांनी फोन आपटला.

"हिराबाई, फोनात बाई रडते गो."

मंगळवारी दुपारी पुन्हा तसंच झालं. बुधवारी हिराबाईंनी स्वतः ऐकलं आणि रिसीव्हर मामींच्या हातात कोंबला. मामींनी मात्र धीर सोडला नाही. "माझ्या भाचीच्या वाटंत येऊ नको बाये," असं ठणकावून सांगून त्यांनी तिसऱ्यांदा फोन ठेवला. मी त्यांच्यापासून हातभर अंतरावर, वायर गुंडाळून, रुमालाखाली बसले होते. मित्रांनो, अंधाराची भीती मशीनला वाटत नाही असं तुम्हाला वाटत असेल. आपल्याला कोणीतरी नावाने हाक मारतंय आणि आपल्याला ओ देता येत नाही, असा अंधार तुम्ही पाहिलेला नाही.

चौथ्या दिवशी फोन वाजला नाही.

मेकॅनिक गुरुवारी आला. त्याने माझा मागचा भाग उघडला, आत फुंकर मारली आणि म्हणाला, "हेड गेलंय." कोणाचं विचारल्यावर तो चहा प्यायला गेला.

मग लोकांनी म्हादूला बोलावलं. वाडीतला माणूस आहे, झाडपाला जाणतो, म्हणजे भूतही जाणत असणार, असा हिशोब.

म्हादू दारातूनच म्हणाला, "माला झाडं कलतात. मशीन नाय."

"बघ तरी रे."

त्याने नक्कल हातात घेऊन पाहिली, मग मला पाहिलं. "पुसून बगितली काय?"

सगळे हसले. चांगोशेठ म्हणाले, "अरे, ही मशीन हाय, पाटा-वरवंटा नाय." म्हादूही थोडा हसला आणि कामाला निघून गेला. मला लिंबू-मिरची बांधली गेली आणि कायमचं झाकून कोपऱ्यात ठेवलं गेलं.

दिवाळीत वर्षा आली. तिच्या पर्समध्ये तिकडून टपालाने आलेलं पाकीट होतं. बूथमध्ये कोणी नाही असं पाहून तिने ते काढलं आणि माझ्याच पाठीवर कागद पसरले. रुमाल विणलेला असल्यामुळे त्याच्या भोकांतून मला वाचता आलं. तिच्या फॉर्मची, त्यांच्याकडे जशी पोचली तशी प्रत होती. डाव्या कडेने ती काळी सावली उतरली होती आणि दोन्ही चौकोन तिच्या पोटात होते. पत्रात लिहिलं होतं की आपलं उत्तर होकारार्थी आहे की नकारार्थी हे समजू शकलं नाही. फॉर्म पुन्हा पाठवा हे कळवायला आम्ही तीन दिवस प्रयत्न केला. शेवटी शिष्यवृत्ती यादीतल्या पुढच्या नावाला दिली.

मामी चहा घेऊन आल्या. वर्षाने कागद पर्समध्ये टाकले.

"काय गो, कंदी जायचं?"

"नाही मामी. त्यांनी दुसऱ्याला दिली. जागा एकच होती."

मामींनी माझ्याकडे बोट केलं. "हिनं घात केला. तीन दिवस रडत होती फोनात. मी थारा नाय दिला."

वर्षाचा कप ओठांपाशी थांबला. तिने मामींकडे पाहिलं. मग म्हणाली, "चांगलं केलंस मामी," आणि चहा संपवला.

त्यानंतरची वर्षं मी कोपऱ्यात काढली. माझ्या अंगात खरोखर कोणी शिरलं असेल तर ते याच काळात. मला ती दिसायची, शाल पांघरलेली, अनोळखी गावात बर्फातून चालणारी वर्षा. हातात मुळीच्या सात बाटल्या. ती प्रयोगशाळेच्या दाराशी पोचायची आणि दार उघडायच्या आत काळी पट्टी उतरायची. भिंतीवर मामांनी तिचं पत्र चौकट करून लावलं होतं. माझ्या कागदावरची अक्षरं उष्णतेने उमटतात आणि उजेडाने जातात. २००१ पर्यंत चौकटीत कोरा कागद उरला. मामा तरीही तो रोज पुसायचे आणि आलेल्यांना दाखवायचे.

वर्षाने पीएच.डी. अर्धी सोडली आणि शहापूरकडच्या एका कॉलेजात डिप्लोमाच्या मुलांना शिकवू लागली. सूज उतरवणारा तो सातवा भाग काय होता, ते अजून कोणाला माहीत नाही.

२००७ साली मोबाईलमुळे बूथ बंद झाला. सामान काढायला मदत म्हणून वर्षा आली. भंगारवाला यायचा होता. मामींनी लांबूनच सांगितलं, "तिला हात लावू नको गो." वर्षाने लिंबाचा काळा पडलेला खडा सोडवला, रुमाल काढला आणि माझं पुढचं झाकण उचललं. नऊ वर्षांत पहिल्यांदाच.

काचेवर तांबडा ठिपका होता. तिने बोट जवळ नेलं, वास घेतला. मग ओढणीचं टोक तोंडातल्या थुंकीने ओलं करून तिने तो पुसला. एका फटक्यात गेला.

"काय गो होतं?" मामींनी विचारलं.

वर्षाने ओढणीचं तांबडं टोक मुठीत धरलं. "काही नाही मामी. धूळ."

मित्रांनो, माझं एवढंच मागणं आहे. घरातल्या यंत्रांची पूजा करा, नाही कोण म्हणतंय, पण नंतर एकदा फडकं मारा. आणि कोणाचं पत्र आलं तर ते त्याला त्याच दिवशी द्या. नारळ नासत नाही.

झाकणाच्या आतल्या बाजूला कारखान्यातूनच एक चित्र छापून आलेलं आहे. त्यात एक हात, एक फडकं आणि माझी काच आहे. खाली लिहिलंय, महिन्यातून एकदा.