पाळी बदलतानाची अकरा मिनिटं

काचेच्या भट्टीला सुट्टी नसते. तिच्यात काच वितळत असते ती दिवसरात्र, आणि भट्टी विझू दिली तर आतली काच गोठून बसते. मग ती फोडायला पाहिजे तर पहार घ्या. म्हणून त्या बाटल्यांच्या कारखान्यात यंत्र कधी थांबत नसे. थांबायची ती माणसं. दुपारी दोनला एक जण जायचा, दुसरा यायचा, आणि यंत्र मात्र आपलं लाल गोळे साच्यात टाकत, बाटल्या बाहेर ढकलत चालूच.

या दोनच्या वेळेवर वरच्या कचेरीचा डोळा होता. दोन्ही पाळ्यांची माणसं काही मिनिटं एकत्र उभी असतात, हातवारे करतात, हसतात. "दोन माणसं आणि काम एकाचं," असं नियोजन विभागाच्या साहेबांचं म्हणणं. ही वेळ मोजून अहवाल द्यायला त्यांनी विभागातल्या सर्वांत नव्या मुलीला खाली पाठवलं. तिची सहा महिन्यांची उमेदवारी महिनाअखेर संपत होती. "हा अहवाल नीट झाला की तुमच्या कायम होण्याचं बघू," साहेब म्हणाले होते. नीट म्हणजे कसा, ते त्यांनी सांगितलं नाही. तिनं विचारलंही नाही. कळण्यासारखंच होतं.

पहिल्याच दिवशी तिच्या हातातलं घड्याळ बघून खालच्यांनी तिचं बारसं केलं: घड्याळबाई.

"या घड्याळबाई, इथे उभ्या राहा," भट्टीमामा म्हणाले. "तिथे नको, भाजाल. आमची मिनिटं मोजायची ना? मोजा. आमच्याकडे लपवायला काही नाही, घाम सोडला तर."

भट्टीमामा म्हणजे सकाळच्या पाळीचे यंत्रचालक. सव्वीस वर्षं त्याच यंत्रावर. त्यांच्याकडून काम घ्यायला येई ती तिशीतली बाई, मामांच्याच हाताखाली शिकलेली. तिला सगळे 'शंका' म्हणत, कारण प्रश्न विचारल्याशिवाय तिनं कधी काही ताब्यात घेतलं नव्हतं. ती दारातून आत आली की कोणीतरी ओरडायचंच, "आली शंका! मामा, आता घर विसरा."

घड्याळबाईनं कळ दाबली. मामा एकेका साच्यापाशी जाऊन सांगू लागले, एखादा मास्तर पालकांना पोरांचे गुण सांगतो तसं. "हा तीन नंबर आज शहाण्यासारखा वागतोय. पाच नंबरची गोळा कापायची कात्री जरा आळशी झालीये, गोळा तिरका पडतो. आठ नंबरला तेल कमी मार."

हे सगळं त्यांनी पाळीच्या वहीतही लिहिलं होतं. घड्याळबाईनं डोकावून पाहिलं. ओळ स्वच्छ होती: 'आठ – तेल कमी.' तिला वाटलं, लिहिलंय ना? मग आता तोंडाची वाफ कशाला?

पण शंका तिथेच उभी होती. मामांचे जाड हातमोजे अजून मामांच्याच हातात होते. तिथला रिवाजच असा होता की येणाऱ्यानं सगळं आपल्या शब्दांत परत सांगायचं; ते पटलं तरच मोजे मिळायचे.

"तीन ठीक," शंका म्हणाली. "पाचची कात्री बघते, गोळा सरळ पडेपर्यंत हलणार नाही. आठला तेल कमी, कारण साचा तापलाय, तेलाचा धूर होतोय. मग वारा थोडा वाढवून गार करते."

"अगं, उलट!" मामांनी कपाळावर हात मारला. "तापलेला नाही, गार आहे! सकाळीच नवा बसवलाय. अजून अंगात ऊब नाही त्याच्या, म्हणून तेल आत साचतंय. वारा वाढवलास तर बाटल्यांच्या गळ्याला बारीक तडे जातील. दिसणारसुद्धा नाहीत."

"मग आधी सांगायला काय झालं होतं?"

"तू विचारशील म्हणून ठेवलं होतं," मामा म्हणाले, आणि आजूबाजूचे हसले. मग मामांनी वहीत त्या ओळीपुढे लिहिलं: 'साचा नवा, गार. वारा वाढवू नये.'

"आणखी एक," शंका म्हणाली. "काय विसरलात?"

हा तिचा रोजचा शेवटचा प्रश्न. मामा डोळे मिटून उभे राहिले. आठ तास आगीसमोर काढलेला माणूस, बाहेर बायको सायकल धरून वाट बघत असलेली. पण चिडले नाहीत. "नाही," ते अखेर म्हणाले, "आज काही नाही." आणि मोजे काढून तिच्या हातात दिले.

घड्याळबाईनं कळ दाबली. अकरा मिनिटं, चार सेकंद.

पुढचे आठ दिवस ती रोज दोनला खाली येत राहिली. मिनिटं टिपायची म्हणून येत होती, पण हळूहळू तिची लेखणी दुसरंच टिपू लागली. सांगणारा घाई करत नाही. ऐकणारा नुसतं 'हो हो' म्हणत नाही. चूक निघाली तर कोणी लाजत नाही, आणि चूक काढणारा मोठेपणा मिरवत नाही. चाळीस माणसांच्या त्या शेडमध्ये यंत्रांचा एवढा गोंगाट, की ओरडून बोलावं लागे. आणि तरी एकाचं दुसऱ्याला इतकं नेमकं कळायचं. नाहीतर वरच्या मजल्यावर! काचेच्या दारांआड, थंड हवेत, दिवसाला साठ निरोप संगणकावर यायचे आणि कोणाला काय हवंय ते कोणालाच ठाऊक नसायचं.

तिनं चौदा पानांचा अहवाल लिहिला. साहेबांनी तो चाळला, चष्मा पुसला आणि वर पाठवायच्या कागदावर एक ओळ लिहिली: 'पाळीबदलाची सरासरी अकरा मिनिटं. या वेळेत उत्पादनाचं काम होत नाही.'

"साहेब, पण हे..."

"खोटं आहे का?"

खोटं नव्हतं. अक्षर न् अक्षर खरं होतं. यंत्र आपोआप चालतं, त्या अकरा मिनिटांत माणसं खरोखरच बाटली घडवत नव्हती.

"वरच्यांना चौदा पानं वाचायला वेळ नसतो," साहेब समजावणीच्या सुरात म्हणाले. माणूस वाईट नव्हता. वरच्यांचा वेळ वाचवण्यात त्याची हयात गेली होती. "ओळ वाचतील, सही करतील. पुढच्या आठवड्यापासून दोनचा भोंगा झाला की जुन्यानं निघायचं. वही आहेच."

वही आहेच! आणि घड्याळबाईच्या डोळ्यांपुढे ती ओळ उभी राहिली, 'आठ – तेल कमी.' तीही खरीच होती. शंकानं ती वाचली असती, मान हलवली असती आणि नेमका वारा वाढवला असता.

त्या संध्याकाळी घरी आईनं पानात वाढता वाढता विचारलं, "झाला का गं अहवाल?"

"झाला. पण चुकीचा पोहोचणार आहे."

"मग बरोबर पोहोचव," आई म्हणाली. "त्यात तोंड पाडून बसण्यासारखं काय आहे?"

"नोकरी जाईल, आई."

"जाईल तर जाईल असं मी म्हणणार नाही," आई म्हणाली. "मला भीती वाटते. पण तू जेवत नाहीयेस, तेही मला दिसतंय."

दुसऱ्या दिवशी ती साहेबांसमोर उभी राहिली. "तुमची ओळ वर जाऊ द्या, साहेब. पण ती देताना मला सोबत न्या."

"वर जाऊन तोंड उघडणार? कायम व्हायचंय ना तुम्हाला?"

"हो. म्हणूनच विचारून जातेय."

साहेब उठले. "चला. पण मी काही बोलणार नाही."

संचालकबाईंनी ती ओळ वाचली आणि सहीला पेन उचललं. घड्याळबाई म्हणाली, "मॅडम, सही करण्याआधी एक विचारू? यावरून तुम्हाला काय समजलं?"

साहेब खोकले. संचालकबाईंच्या भुवया वर गेल्या, पण त्यांनी उत्तर दिलं. "हेच, की अकरा मिनिटं गप्पांत जातात."

"नाही, उलट," तिच्या तोंडून निघून गेलं. जीभ चावावीशी वाटली. पण बाण सुटला होता. मग तिनं आठ नंबरच्या साच्याची गोष्ट सांगितली, वहीतली ओळ, शंकाचा चुकलेला समज, सगळं.

"त्या दिवशी किती बाटल्या फुटल्या असत्या?" संचालकबाईंनी विचारलं.

"ते नाही सांगता येणार. न फुटलेल्या बाटल्या मी कशा मोजू?"

साहेब छताकडे बघत होते. मग न बोलण्याचं ठरवलेला तो माणूस हळूच म्हणाला, "मॅडम, गेल्या वर्षी दुसऱ्या शेडमध्ये आपण ही वेळ बंद केली. तिथला बाद माल वाढलाय. मी... ते याच्याशी कधी जोडून पाहिलं नव्हतं."

संचालकबाईंनी पेनाला टोपण लावलं.

दोनला त्या दोघांना घेऊन खाली आल्या. मामांचं सांगणं चालू होतं. संचालकबाईंनी मध्येच काहीतरी विचारलं, तर मामा मान न वळवता म्हणाले, "थांबा हं जरा, आमचं पुरं होऊ द्या." आजूबाजूच्यांनी एकमेकांकडे पाहिलं. संचालकबाई थांबल्या. एका बाजूला, भट्टीची धग लागू नये म्हणून चेहऱ्यापुढे हात धरून, शंकाच्या शेवटच्या प्रश्नापर्यंत.

"ही वेळ राहील," वर जाताना त्या साहेबांना म्हणाल्या. "दुसऱ्या शेडलाही परत द्या." मग घड्याळबाईकडे वळल्या. "तुझी चौदा पानं मला पाठव. आणि दुसऱ्या शेडमध्ये हे नव्यानं बसवायचं म्हणजे वर्ष तरी लागेल. उमेदवारीवरच्या माणसाला असलं काम देता येत नाही, तेव्हा कायम झाल्याचं पत्र उद्या घेऊन जा."

मामा सायकलकडे निघाले होते. बायको त्यांना काहीतरी लांबलचक सांगत होती आणि मामा म्हणत होते, "हो, हो, हो."

"काय 'हो, हो'?" बायकोनं विचारलं. "काय सांगितलं मी?"

मामा थांबले, आणि डोकं खाजवू लागले.