चौदा जणांचं गाऱ्हाणं

राधाबाईंनी डाव्या हाताने पीठ मळायला घेतलं आणि परात जमिनीवरून सरकू लागली. त्यांनी ती गुडघ्याने भिंतीला टेकवून धरली आणि पुन्हा मळू लागल्या. उजवा हात मनगटापासून कोपराच्या खाली चार बोटांपर्यंत पांढऱ्या पट्टीत होता. एका हाताने थापलेली भाकरी एका बाजूला जाड राहत होती आणि तव्यावर फुगत नव्हती. अशा सात झाल्या होत्या. एकवीस बाकी होत्या.

“मी करते म्हटलं ना,” नलू म्हणाली.

“तुझ्या भाकऱ्यांका ते नावां ठेवतले.”

“ठेवू देत. चौदा पुरुष जेवतात इथे, एकाला तरी थापता येते का?”

राधाबाई हसल्या नाहीत, पण तोंड शेगडीकडे फिरवलं. नलू यंदा इंटर सायन्सला होती. तिने दवाखान्याचा कागद चौथ्यांदा उघडला.

“भांडं निसटल्याने भाजलं, असं लिहिलंय. भांडं आपोआप निसटतं का, आई?”

“डॉक्टराक मीच तसा सांगलंय.”

“का?”

राधाबाईंनी भाकरी उलटली. वाफ पट्टीखाली शिरली तसा त्यांनी हात झटकन मागे घेतला.

काल संध्याकाळी सहाच्या सुमाराला सीताराम जिना चढून वर आला होता. शिवडीच्या खाडीकडे लागणाऱ्या हातभट्टीची दारू लालबागच्या मागच्या गल्लीत मिळते, हे चाळीतल्या प्रत्येकाला ठाऊक होतं, आणि सीताराम तिथूनच येत होता. गॅलरीत पाचसहा जण पत्ते खेळत बसले होते. “सरका रे, सायबाक वाट देवा!” कुणीतरी म्हणालं, सगळे हसले आणि पाय आखडून त्यांनी खरोखरच वाट दिली. सीताराम सरळ राधाबाईंच्या खोलीत शिरला. जेवण अजून व्हायचं होतं. त्याने शेगडीवरचं साराचं पातेलं स्वतःच उचललं. राधाबाईंनी ते धरून ठेवलं, त्याने ओढलं, आणि उकळतं सार त्यांच्या हातावर आलं.

त्यांची किंकाळी ऐकून मग सगळे धावले. कुणी पाणी आणलं, कुणी टांगा आणला. धावण्यात कुणी कसूर केली नव्हती.

हे सगळे मालवण तालुक्यातल्या एकाच गावचे. गॅलरीच्या टोकाला त्यांची एक मोठी खोली होती. पाळी बदलेल तसे तिच्यात झोपत, आणि दोन्ही वेळ राधाबाईंकडे जेवत. नवरा गेल्यापासून अकरा वर्षं ही खानावळ राधाबाईंचं घर चालवत होती. भांडण, वाटणी, लग्न, मयत, काहीही असलं तरी गावकी त्या खोलीत बसायची आणि निकाल लावायची. आज चार वाजता बसणार होती.

“देवापुढे नारळ ठेवायला लावतील आणि मोकळे होतील,” नलू म्हणाली. “गणपतीत सीतारामकाकांनी ठेवला, शिमग्यात ठेवला. हा तिसरा. आज पुन्हा नारळावर निभावलं तर मी संध्याकाळी चौकीवर जाणार. एकटी जाईन.”

“आणि उद्या हयसर कोण जेवक येतलो?”

 नलूने कागदाची घडी घातली.

दारात खोकल्याचा आवाज आला. बाबुराव होते. गिरणीत बावीस वर्षं काढलेले, गावकीचे प्रमुख. कापसाने छाती भरलेली. दोन वाक्यांनंतर त्यांना थांबावं लागे. त्यांनी चपला बाहेर काढल्या आणि उंबऱ्याच्या आत एकच पाय ठेवला.

“वैनी, हात कसो आसा?”

“आसा.”

“सीताराम सकाळपासून रडता. पाण्याक तोंड लावक नाय.” ते थांबले. “चाळीत बोलणा चल्ला, तू पोलिसात जातलंस म्हणान.”

“मी जाणारे,” नलू म्हणाली.

बाबुरावांनी तिच्याकडे बघितलं. रागाने नव्हे. कपाळावरच्या जुन्या टाक्यांच्या खुणेवर त्यांनी बोट ठेवलं. “ह्या कोणी केला, ठावक आसा मा? फाउंटनाक. दीड वरस झाला. जेंनी आमच्यार गोळ्यो घातल्यो, तेंच्या हातात आपलो माणूस देवचो? सीताराम संयुक्त महाराष्ट्राच्या सत्याग्रहात अडीच महिने येरवड्याक होतो, चेडवा. बाहेर इलो तेवा ह्याच जिन्यार तेका हार घातलो.”

“मग आईच्या हातावर सार काय सरकारने ओतलं, काका?”

बाबुरावांना खोकला आला. 

“दारूबंदी सरकाराची,” ते शेवटी म्हणाले. “आमका कोणी इचारल्यानी? अर्धी गिरण पिता. ता कागदावर गुन्हो. आपल्याकडे ती चूक. चूक देवाकडे सांगूची.”

“मी येतंय गावकीक,” राधाबाई म्हणाल्या.

“बायलमाणसां बसनत नाय, वैनी.”

“बसणंय नाय. उंबऱ्यावर ऱ्हवतंय.”

बाबुरावांनी चपला पायात घातल्या. नको असं ते म्हणाले नाहीत.

खोलीत भिंतीलगत वळकट्या रचल्या होत्या आणि त्यांच्यावर, खुंटीला, गावच्या रवळनाथाची तसबीर होती. खाली जाजमावर सगळे दाटीने बसले होते. सीताराम कोपऱ्यात, दाढी करून, स्वच्छ टोपी घालून. त्याच्या हनुवटीवर वस्तऱ्याने कापल्याच्या दोन ताज्या खुणा होत्या.  राधाबाई उंबऱ्याशी उभ्या राहिल्या तेव्हा त्याने एकदा त्यांच्या पट्टीकडे बघितलं आणि मान खाली घातली, ती पुन्हा वर केली नाही.

त्यांना त्याचा राग येत नव्हता, आणि हीच अडचण होती. नवऱ्याच्या अस्थी घेऊन गावी जायला हाच सीताराम बोटीत त्यांच्याबरोबर बसला होता. रात्रभर डोळ्यांसमोर त्याचा चेहरा आलाच नाही. कानात राहिलं होतं ते गॅलरीतलं हसणं.

“बस गो, वैनी,” दत्ताराम म्हणाला. हा गावकीतला नकलाकार. “आज तूच सायेब.”

कालचं ‘सायबाक वाट देवा’ याच आवाजातलं होतं. राधाबाई बसल्या नाहीत.

चर्चा थोडी झाली. कुणी म्हणालं, गावी सीतारामच्या बायकोला पत्र घालावं. कुणी म्हणालं, नको, ती गरोदर आहे. दत्ताराम म्हणाला की भट्टीवाला हल्ली काहीतरी औषध मिसळतो, त्याशिवाय सीताराम असा नाही. सगळ्यांना हे पटलं. चौकीचं नाव एकदाच निघालं आणि सगळ्यांच्या नजरा वळताच ते काढणाराच खाली बघू लागला. मग बाबुराव उठले. त्यांनी नारळ घेतला, तसबिरीकडे तोंड केलं, आणि सगळे उभे राहिले. टोप्या सारख्या झाल्या, हात जोडले गेले, डोळे मिटले.

गाऱ्हाणं गावात जसं घालतात तसंच इथे घातलं जाई. एकाने सांगायचं, बाकी सगळ्यांनी होकार द्यायचा; तो होकार म्हणजे देवाला दिलेला शब्द. आणि एकदा नारळ हातात घेऊन सुरुवात झाली, की पुरं होईपर्यंत मध्ये थांबायचं नाही.

“बा देवा रवळनाथा म्हाराजा!”

“होय म्हाराजा!”

“ही तुझी लेकरां पोटासाठी मुंबैक इली, तेंका सांभाळून घे म्हाराजा!”

“होय म्हाराजा!”

“तेंच्या हातसून चूकभूल झाली आसात, ती पदरात घे म्हाराजा!”

“होय म्हाराजा!”

आवाज एकत्र पडत होता, गिरणीतल्या मागांवर एकाच वेळी पडणाऱ्या फण्यांसारखा. नलू आईच्या मागे उभी होती. तिला ओठ हलताना दिसत होते. चेहऱ्यावर मात्र काहीच हलत नव्हतं. अजून दोन वाक्यं, मग नारळ फुटेल, खोबरं वाटलं जाईल. तिने चपला शोधायला खाली बघितलं.

“आज ह्यो सीताराम तुझ्या पायाशी...” बाबुराव म्हणाले आणि खोकला उसळला. ते वाकले. नारळ छातीशी धरून खोकत राहिले. कुणी डोळे उघडले नाहीत; बाबुरावांचं असं नेहमी होई. सगळे पुढच्या वाक्याची वाट बघत उभे होते.

“बा देवा म्हाराजा,” उंबऱ्यावरून राधाबाई म्हणाल्या.

त्यांचे वडील गावात गाऱ्हाणं घालणारे होते. तीच लय, तोच चढ त्यांना पाठ होता. त्यांचा आवाज जाड होता आणि या खोलीतल्या माणसांना दिवसातून दोनदा ऐकायची सवय होती.

“ही तुझी चौदा लेकरां. जिन्यार कोण झिंगान इलो तर ही हसतत, नि बाजूक होवन तेका वाट देतत म्हाराजा!”

“होय म्हाराजा!”

खोकणारे बाबुराव सोडले तर सगळेच्या सगळे आवाज. 

“आजपासून ती वाट नाय देवची. पिवन येतलो तेका जिन्यारच धरतली, आणि शुद्धीवर येयसर ह्याच खोलयेत बसवतली म्हाराजा!”

“होय म्हा...”

या वेळी आठनऊ आवाज होते, आणि तेही शेवटपर्यंत पोचले नाहीत. डोळे उघडले. दत्तारामचं तोंड उघडंच राहिलं. माणसं राधाबाईंकडे, मग एकमेकांकडे, मग तसबिरीकडे बघू लागली. बाबुरावांनी एक हात वर केला, पण दुसऱ्या हातात नारळ होता आणि गाऱ्हाणं चालू होतं. हात खाली आला.

राधाबाईंनी डोळे मिटलेलेच ठेवले होते. पट्टी बांधलेला हात दुसऱ्या हाताला नीट जुळत नव्हता, म्हणून त्यांनी तो डाव्या तळव्यावर ठेवला होता.

“आणि परत कोणी पिवन बायलमाणसाक इजा केली, तर ह्येंतल्या जेणी ता बघल्यान, तेणी चौकीवर जावन साक्षीक आपला नाव देवचा म्हाराजा!”

 खाली चौकात कुणीतरी बालदी नळाखाली सरकवली, ती फरशीवर घासली. बाबुरावांचा अंगठा नारळाच्या शेंडीवर फिरत होता.

“होय म्हाराजा.”

आवाज कोपऱ्यातून आला होता. सीतारामचे हात जोडलेले होते आणि टोपी डोळ्यांवर आली होती. ती सारखी करायला त्याने हात सोडले नाहीत.

त्याच्या शेजारचा सरकला. जवळ की दूर, हे त्या दाटीत कळलं नाही.

“एकट्याच्या होकारान पुरा होणा नाय, भावजी,” राधाबाई बाबुरावांना म्हणाल्या. आता त्यांनी डोळे उघडले होते. “ता तुमका ठावक आसा.”

बाबुरावांना पुन्हा खोकला येईल असं वाटलं, पण आला नाही. त्यांचा हात कपाळाकडे गेला, टाक्यांच्या खुणेशी क्षणभर थांबला आणि परत नारळाला लागला.

“शेवटचा परत सांग,” ते म्हणाले. “खोकल्यात माका नीट ऐकाक येवक नाय.”

त्यांना ऐकू आलं होतं, हे खोलीतल्या प्रत्येकाला माहीत होतं. राधाबाईंनी तेच वाक्य पुन्हा सांगितलं, त्याच चढात, एकही शब्द न गाळता. या वेळी डोळे कुणीच मिटले नव्हते.

“होय म्हाराजा,” बाबुराव म्हणाले, आणि पुढच्या होकारासाठी दत्तारामकडे बघत राहिले.