गल्लीभोवतीची लाल रेघ

१९९४च्या उन्हाळ्यात भिवंडीच्या कचेरीत नकाशे काढणारं यंत्र, प्लॉटर, आलं आणि मजीदला स्वर्ग दोन बोटं उरला. अकरा वर्षं तो ट्रेसर होता, म्हणजे दुसऱ्याच्या नकाशावर पारदर्शक कागद ठेवून रेघा गिरवणारा. आता तो कॉम्प्युटरला सांगायचा आणि प्लॉटरचा हात आठ पेनांतलं हवं ते पेन उचलून आपोआप रेघ मारायचा. जाड, बारीक, तुटक, सलग, सांगाल तशी. नवं खेळणं हाती आलं की माणूस शहाणपण खुंटीला टांगतो. मजीद तरी अपवाद कसा असणार!

पहिलंच काम पुराच्या इशाऱ्याचं होतं. कामवारी नदीचं पाणी चढलं की कुठल्या वस्तीनं काय करायचं, ते दाखवणारा नकाशा नाक्यानाक्यावर चिकटवायचा. "लांबून दिसला पाहिजे," एवढंच साहेब म्हणाले. मजीदनं चार दिवस रंग लावून पाहिले, पुसले, परत लावले. शेवटी तयारीत राहायच्या वस्तीला तुटक निळी रेघ दिली आणि ताबडतोब घर सोडायच्या वस्तीला जाड, सलग, लाल.

शेजारच्या टेबलावरच्या यादवकाकांनी चष्मा कपाळावर चढवला. ते कचेरीतले जुने ड्राफ्ट्समन, निवृत्तीला वर्ष राहिलेले.

"लाल नको, मजीद. चौऱ्यांशीच्या दंगलीत कर्फ्यूचा नकाशा मीच काढलेला. लाल रेघेच्या आत हाय त्यानं घराभायेर पाय टाकायचा न्हाय. लोक इसरले न्हायत."

"काका, दहा वर्षं झाली त्याला. आणि खाली लिहिलंय ना सगळं."

"वाचतंय कोन?"

मजीद हसला. म्हाताऱ्यांना नव्याचं वावडंच, असं त्याला वाटलं. निळ्या रेघेत तो डौल नव्हता, हे मात्र तो कुणाला बोलला नाही.

खरं तर चौऱ्यांशी त्याच्याइतकं कुणाला ठाऊक असणार? आईवेगळ्या मजीदला त्याच्या मावशीनं, खदीजाखालानं वाढवलं, खाडीकाठच्या गल्लीत, दोन खोल्यांत. दंगल पेटली तेव्हा तो विशीतला, डोक्यात राख घालून बाहेर निघालेला. खालानं कडी लावली, दाराला लाकडी पेटी सारली आणि आठ दिवस त्या पेटीवर बसून राहिली. त्याच्याबरोबरीचे दोघं बाहेर गेले ते परत आले नाहीत. तेव्हापासून खाला सांगायची, "लाल रेघेनं माझा पोर वाचवला." तिला अक्षर वाचता येत नव्हतं. रेघ मात्र कळायची.

जुलैत पाऊस तीन दिवस थांबला नाही. चौथ्या दिवशी सकाळी वरून पाण्याचे आकडे आले, मजीदनं ते भरले आणि प्लॉटरच्या हातानं खाडीकाठच्या गल्लीला लाल रेघेचा वेढा घातला. शिपाई नकाशे घेऊन पळाले. घरं सोडा म्हणून सांगणारी भोंग्याची रिक्षा निघाली, ती वाटेत पाण्यात बंद पडली.

दुपारी बारा वाजता कचेरीतला फोन वाजला. पलीकडे खाला होती, नाक्यावरच्या पीसीओतून.

"मजीद, आपल्या गल्लीला लाल लागलाय. नाक्यावर बघून आले. खरा हाय ना?"

"खरा आहे, खाला. मीच काढलाय."

"मग तू इकडं येऊ नको हां. तिथंच रहा, कचेरीत."

"माझं सोडा. तुम्ही लालप्रमाणे वागा. जरासुद्धा उशीर नको."

"न्हाय करत. पाणी भरून घेते आणि..."

साहेबांनी हाक मारली. "बरं, बरं," म्हणून मजीदनं फोन ठेवला. वाटेत प्यायला पाणी घेतेय, असं त्याला वाटलं. पुढचं वाक्य ऐकायला किती वेळ लागला असता? पण त्याला नारपोलीच्या वस्तीचा नकाशा काढायचा होता.

चारच्या सुमारास पाणी गल्लीत शिरलं. मजीदची ड्युटी सुटली नाही आणि त्यानं सोडवूनही घेतली नाही. खाला कधीच निघाली असेल, या भरवशावर तो रेघा काढत बसला.

दुसऱ्या दिवशी पाणी ओसरल्यावर तो गेला. दार आतून बंद होतं. चौघांनी खांदा दिला तेव्हा उघडलं, कारण दाराला पेटी सारलेली होती. खाला त्या पेटीच्या पलीकडेच सापडली. पाण्याची खूण भिंतीवर पुरुषभर उंच होती. तिच्याही वर, माळ्यावर, दोन हंडे आणि तीन कळश्या काठोकाठ भरलेल्या. कर्फ्यूत नळाला पाणी नसतं म्हणून भरलेल्या. गाळ नको म्हणून तोंडाला स्वच्छ फडकी बांधलेल्या. मजीद त्या फडक्यांकडे बघून लहान मुलासारखा रडला.

शेजारची शकिला उंबऱ्याशी उभी होती. पाणी दिसताच ती पोरं घेऊन दीराच्या माडीवर गेली होती, म्हणून वाचली.

"मी दार ठोकला होता, मजीदभाई," ती म्हणाली. "चला म्हटलं. त्या आतूनच बोलल्या, तू पण जाऊ नको, मी मजीदला फोन करून विचारलाय. नकाशा काढणारा माझाच पोर हाय, त्याच्याहून जास्त कोणाला कळणार?" तिनं डोळे पुसले. "तुम्ही असा का सांगितला त्यांना?"

दफन झाल्यावर तिसऱ्या दिवशी मजीद कचेरीत गेला. प्लॉटरमधलं लाल पेन काढून त्यानं यादवकाकांच्या टेबलावर ठेवलं. काकांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला.

तिथून तो गल्लीच्या नाक्यावर गेला. नकाशा अजून तिथं चिकटलेला होता. लाल रेघ आणि गल्लीतल्या भिंतींवरची पाण्याची खूण त्यानं ताडून पाहिली. हद्द घरन् घर बरोबर होती. रेघ कुठंच चुकली नव्हती.