रवि उगवला की एक

मित्रांनो, मी एक जुना पत्र्याचा डबा आहे. आत बारा कप्पे आणि वर कुरकुरणारं झाकण. नवा होतो तेव्हा माझ्यात तोंड दिसायचं, खोटं नाही सांगत!

मला विकत घेतलं घड्याळं दुरुस्त करणाऱ्या एका गृहस्थांनी. पुढे गल्लीतली मुलं त्यांना टिकटिक आजोबा म्हणू लागली. माझ्या कप्प्यांत काटे, स्प्रिंगा आणि शिंक आली तर उडून जातील एवढे स्क्रू असत. "हा डबा म्हणजे माझा उजवा हात," ते गिऱ्हाइकांना सांगत आणि मी फुगून जाई. ते दिवस आठवले की आजही भरून येतं.

दुकान बंद झालं आणि मी रिकामा होऊन आजोबांबरोबर घरी आलो. आजोबांची हाडं दुखू लागली. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "जन्मभर सावलीत बसलात, आजोबा. उन्हातून मिळणारं ड जीवनसत्त्व कमी पडलंय." औषधवाल्यानं पाकिटावर लिहिलं, 'रवि. १'. म्हणजे रविवारी एक. आजोबांनी वाचलं, रवि म्हणजे सूर्य! तो तर रोज उगवतो. म्हणून रोज सकाळी एक गोळी. पाकीट संपलं की स्वतः जाऊन नवं आणत आणि गोळ्या माझ्या रिकाम्या कप्प्यांत भरून ठेवत.

तीन महिने असं चाललं. भूक मेली, तहान भागेना, पोट साफ होईना. हातातलं घड्याळ उघडलं, तर ते पुन्हा जोडता येईना. घरचे म्हणाले, "वय झालं आता." मला सगळं कळत होतं, पण माझं तोंड नुसतं उघडझाप करण्यापुरतं. जीव तुटायचा माझा.

एका सकाळी त्यांनी लेकीलाच विचारलं, "बाई, आपण कोण?"

लेक हादरली. दवाखान्यात रक्त तपासलं, तर कॅल्शियम भलतंच वाढलेलं. "घरात घेतात ती सगळी औषधं आणा," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. लेकीनं मला नेलं. झाकण उघडून त्यांनी आतली रिकामी पाकिटं मोजली आणि कपाळाला हात लावला. "आठवड्याला एकच घ्यायची ही जबर गोळी रोज घेतली, म्हणूनच कॅल्शियम एवढं चढलं!"

गोळ्या बंद झाल्या, सलाईन लागलं. हळूहळू आजोबा माणसात आले. मूत्रपिंडं मात्र अधू झाली ती झालीच.

"अगं, रवि रोज उगवतो ना!" ते ओशाळून म्हणाले.

"आणि मी एकदा तरी विचारलं का, बाबा?" लेक म्हणाली.

मित्रांनो, घरातलं म्हातारं माणूस विसरू लागलं, तर वयावर ढकलून मोकळे होऊ नका. त्याच्या गोळ्यांचा डबा उघडून बघा. तीन महिने मी आजोबांच्याच खोलीत होतो, सगळ्यांच्या डोळ्यांसमोर, झाकण लावलेला.