काळी कड

डॉक्टर योकास्तांनी शेवटची पट्टी उलगडली आणि त्यांचा हात थांबला. एवारिस्तोनं मान उचलून पाहिलं. धमनी बुजून त्याचं पाऊल सडलं, तेव्हा गुडघ्याखालून पाय कापताना याच बाई म्हणाल्या होत्या, "गुडघा राखलाय. नकली पाय लावून दुकानात उभे राहाल." बाराओनाच्या बाजारात उभ्यानं केस कापण्यात त्याची हयात गेली होती. बसून कधी कुणी न्हाव्यानं कात्री चालवलीय?

"टाक्यांची कड काळी पडलीय," डॉक्टर म्हणाल्या. "रक्त पोचत नाही असं दिसतंय. तसंच असेल, तर गुडघ्याच्या वरून कापावं लागेल."

"म्हणजे उभं राहणं संपलं."

"अवघड होईल, काका."

धाकटी बहीण नेरेइदा कोपऱ्यात जपमाळ ओढत उभी होती. कालपासून तिच्या तोंडाची टकळी बंद होती. नेरेइदा गप्प म्हणजे काहीतरी भानगड. पण त्या घटकेला तिच्याकडे बघायला फुरसत कुणाला होती?

डॉक्टरांनी सलाईननं भिजवलेला बोळा कडेवर दाबला. तपकिरी ओघळ चादरीवर उतरला. त्यांनी बोळा नाकाशी नेला आणि त्यांच्या भुवया चढल्या.

"ही कॉफी आहे?"

नेरेइदाला रडूच फुटलं.

"कापलं-खरचटलं की आई लावायची ना... काल घरी पट्टी बदलताना कडेतून रक्त यायला लागलं. थांबेचना! तुम्ही ओरडाल म्हणून पूड दाबली अन् गप्प बसले. माझ्यापायी दादाचा गुडघा जाणार, देवा!"

"रक्त आलं? कडेतून?"

"भळाभळा नाही हो, पण चांगलं आलं."

डॉक्टर पूड धुऊ लागल्या. खालून कातडी दिसली, ओली, गुलाबी. एका जागी बारीक लाल थेंब वर आला. त्याच्याकडे बघता बघता त्या हसायला लागल्या.

"अहो बाई, रक्त येतंय म्हणजे रक्त पोचतंय! कातडी जिवंत आहे. आता जखमेत कॉफी घातलीत, तेव्हा थोडे दिवस यांना इथंच ठेवते, औषधं देते. आणि पुन्हा पट्टीला हात लावलात, तर तुम्हालाच खाटेला बांधीन. पण गुडघा कापायचं कारण नाही."

नेरेइदानं जपमाळ ओठांना लावली. एवारिस्तो छताकडे बघत पडून राहिला. डोळ्यांतलं पाणी कानापर्यंत ओघळलं, तेही त्यानं पुसलं नाही.

"कुठली कॉफी गं?"

"पोलो गावच्या डोंगरावरची. नाताळसाठी ठेवलेली."

"बघा डॉक्टर! पायाला पोलोची, आणि मला रोज सकाळी ते जळकं पाणी!"

"उद्या आणते रे, दादा."

"कपात आण, बये."

त्यानं चादरीखाली गुडघा वाकवला, सरळ केला, पुन्हा वाकवला. मग पट्टी बांधायला वाकलेल्या डॉक्टरांच्या आखूड केसांकडे बारकाईनं पाहिलं.

"मागून वाकडे कापलेत कुणी तुमचे? नकली पाय बसला की दुकानात या. नीट करून देतो, उभ्यानं."