डीटरचा डावा डोळा

मित्रांनो, मी एक जुनी शर्यतीची मोटार आहे. छत्रपती संभाजीनगरातल्या एका अभियांत्रिकी कॉलेजच्या पत्र्याच्या शेडमध्ये मी उभी असते. बाहेरून मी तुमच्या रस्त्यावरच्या मोटारींसारखीच दिसते. आत मात्र मागची सीट नाही, लोखंडी नळ्यांचा पिंजरा आहे. माझा जन्म जर्मनीतला. म्हणून माझं स्टिअरिंग डावीकडे आहे आणि गिअर उजव्या हाताने टाकावा लागतो.

माझा चालक होता डीटर, एका पाववाल्याचा मुलगा. पहिल्या वर्षी आम्ही अकरावे आलो, तिसऱ्या वर्षी तीन शर्यती जिंकल्या. लोक माझ्या बॉनेटवर हार ठेवत, डीटरला खांद्यावर घेत. त्याच्यासारखा वळण घेणारा दुसरा नाही, असं वर्तमानपत्रांत छापून येई. मला फार अभिमान वाटे.

सहाव्या वर्षी मात्र डाव्या वळणावर त्याचा पाय ब्रेकवर चाचपडू लागला. वळण नीट दिसेना, म्हणून तो आकडे मोजू लागला. एक, दोन, तीन, की ब्रेक. त्याचा डावा डोळा विझत चालला होता. हे फक्त त्याला ठाऊक होतं आणि मला. डोळ्यांच्या तपासणीच्या तक्त्यावरची अक्षरं त्याने पाठ करून टाकली होती. डोळ्याचं कुणाला कळलं असतं तर शर्यती बंद झाल्या असत्या, आणि त्यावाचून त्याला दुसरं काही येत नव्हतं. मला ओरडावंसं वाटे. पण मोटारीला तोंड कुठे असतं?

शेवटी व्हायचं तेच झालं. डावीकडून पुढे येणारी गाडी त्याला दिसलीच नाही. मी तिच्यावर आदळले. आतल्या एकवीस वर्षांच्या चालकाचा पाय कायमचा गेला. चौकशीत निसरड्या रस्त्याला दोष दिला गेला. डीटर गप्प राहिला.

त्याने शर्यती सोडल्या. काही वर्षांनी इथल्या एका मोटार कारखान्यात तो चालकांना शिकवायला आला आणि मला सोबत आणून या कॉलेजला दिलं. इथल्या विद्यार्थ्यांत त्याला फुलंब्रीची सायली भेटली. तीन वर्षं ती माझ्यावर शिकली, आणि तिची देशपातळीवरच्या शर्यतीसाठी निवड झाली.

शर्यतीला नऊ दिवस उरले होते. दौलताबादच्या बाजूला, सरावाच्या रस्त्यावर, तिचा हात माझ्या गिअरवरून निसटला. थोड्या वेळाने पुन्हा निसटला. तिच्या बोटांत जोर नाही, हे मला पंधरा दिवसांपासून कळत होतं. आणि याही वेळी मी मुकीच.

शेजारी बसलेल्या डीटरने गाडी थांबवायला लावली. इथे राहून शिकलेल्या मोडक्या मराठीत तो म्हणाला, "हात दाखव."

"काय नाय सर, बोटं जरा आखडलीत."

त्याने तिच्या तळहातावर किल्ली ठेवली आणि मूठ वळायला सांगितलं. किल्ली खाली पडली.

तेव्हा डीटरने आयुष्यात पहिल्यांदा आपल्या डोळ्याची हकिकत कुणाला तरी सांगितली. त्या मुलाच्या पायाचंही सांगितलं.

सायली म्हणाली, "तीन वर्षं ह्याच्यासाठी घासली, सर. ही शर्यत गेली तर मला पुन्हा कोण घेणार?"

"तेव्हा मी पण हेच म्हणत होतो," डीटर म्हणाला.

किल्ली कुणीच उचलली नाही. शेवटी सायलीने वडिलांना फोन लावला. "अण्णा, माझा हात काम देत नाय. मी लपवलं. दवाखान्यात नेता का?" कृष्णाअण्णा अद्रकाच्या शेतातून मातीने भरलेल्या पायांनी तसेच मोटारसायकलवर आले. तिला एका शब्दानेही बोलले नाहीत.

सायलीच्या मानेतली, हाताकडे जाणारी नस दबली होती. ऑपरेशन झालं. हात वाचला, पण दोन बोटं अजून बधिर आहेत. शर्यतीत तिच्या जागी दुसरंच कुणी धावलं. त्या दिवशी ती शेडमध्ये आली आणि माझ्या स्टिअरिंगला कपाळ टेकून बसून राहिली.

डीटर त्यानंतर जर्मनीला गेला. पाय गेलेल्या त्या माणसाच्या दारात उभं राहून त्याला खरं सांगायचं होतं. तो दार उघडेल की नाही, हे डीटरला ठाऊक नव्हतं. पाच महिने झाले, अजून काही कळलेलं नाही.

मित्रांनो, माझे टायर बसलेत, रंग उडालाय. त्याचं मला दुःख नाही. गाडी खडखडली की तुम्ही लगेच तिला मिस्त्रीकडे नेता. स्वतःचं दुखणं मात्र हरण्याच्या भीतीने दाबून ठेवता. तसं करू नका. मला सांगता आलं नाही. तुम्हाला येतं.