कापलेला आवाज

स्वप्नाली आणि रणजीत वर्षभर एका अल्बमवर काम करत होते. नाव ठरलं होतं 'सेकंड शिफ्ट'. स्वप्नाली दापोडीची. ती आजूबाजूचे आवाज टिपायची आणि त्यांतून संथ, हवेसारखं पसरत जाणारं अँबियंट संगीत करायची. रणजीत मोशीचा. लग्नांपासून क्लबपर्यंत सगळीकडे डीजे लावायचा. त्याच्या बीटवर पाय थांबत नसत. प्रत्येक ट्रॅक तिच्या शांततेतून सुरू व्हायचा आणि त्याच्या ठोक्यांत शिरायचा. दोघांचं एकच ठरलं होतं, एकमेकांना विचारल्याशिवाय काही बाहेर काढायचं नाही.

त्यातल्या एका ट्रॅकमध्ये स्वप्नालीच्या आईचा, मंजुळाबाईंचा आवाज होता. मंजुळाबाई चाकणच्या एका कंपनीत गाड्यांच्या वायरींच्या जुड्या बांधायच्या. लघवीला जायला सुट्टी मागितली म्हणून सुपरवायझर सगळ्यांसमोर बोलला, आणि त्यांनी उलट उत्तर दिलं. दुसऱ्या दिवशी गेटवरूनच परत पाठवलं. घरी येऊन त्या मोरीशी भांडी आपटत बोलत होत्या, आणि पिंपात पाणी पडतानाचा आवाज घ्यायला स्वप्नालीनं रेकॉर्डर लावलेला होता.

"मशीन तापली की तिला थांबवतेत. तेल घालतेत. म्या दोन मिनिटं मागितली तर म्हणे नखरे करायली. मी माणूस हाय का न्हाई?"

एका रविवारी दुपारी दिपालीचा फोन आला. दिपाली मंजुळाबाईंच्याच लाइनवर काम करायची.

"स्वप्नाली, कंपनीचा फॅमिली डे चाललाय. तुझ्या आईचा आवाज वाजतोय इथं. लोक नाचतायत त्याच्यावर."

मागून ऐकू येतच होतं. दणदणीत बीट, आणि त्यावर आईचे दोनच शब्द, कापून, पातळ करून, पुन्हा पुन्हा. दोन मिनिटं! दोन मिनिटं!

स्वप्नालीनं स्कूटर काढली. भोसरीच्या पुढं ट्रकांची रांग लागलेली, ती मातीतून, कडेकडेनं घालत गेली. गेटवर दिपालीनं बहीण म्हणून आत घेतलं. मांडवात लेकरांपासून मॅनेजरांपर्यंत सगळे उड्या मारत होते, आणि स्टेजवर हेडफोन मानेत अडकवून रणजीत हात वर करायला लावत होता. पुढच्या रांगेत, दिपालीनं बोटानं दाखवलेला तो सुपरवायझरही हात वर करून ओरडत होता. दोन मिनिटं!

ती सरळ स्टेजवर चढली आणि लॅपटॉपची वायर उपटली.

"अगं, काय करतीस?" रणजीत पुटपुटला. "नंतर बोलू."

तिनं वायर आपल्या फोनला जोडली. स्पीकरमधून पिंपात पडणारं पाणी ऐकू आलं. लोक गोंधळून उभे राहिले. मग मंजुळाबाई बोलायला लागल्या, न कापलेल्या. "मशीन तापली की तिला थांबवतेत..."

"आगं, ही तर मंजुळाबाई!" बायकांतून कुणीतरी म्हणालं.

एक साहेब हातवारे करत स्टेजकडे धावला. पण त्याच्या आधी रणजीतचाच हात पुढे आला. त्यानं आवाज खाली ओढला. वाक्य अर्ध्यातच मेलं.

स्टेजमागे ती त्याच्यावर तुटून पडली. "तुला माहीत होतं. कुणाची आई, कुठली कंपनी, सगळं माहीत होतं!"

"कंपनीची शेड आमच्या चुलत्यांच्या जागेवर आहे. त्यांनी शब्द टाकला, मला नाही म्हणता आलं नाही. आणि दोनच शब्द घेतले ना राव, कुणाला कळणार होतं?"

"न कळण्यासाठीच कापलास."

"तू उगाच पर्सनल घेतीयस."

"माझी आई आहे ती! पर्सनल नाही तर काय घेऊ?"

घरी आल्यावर तिनं आईला सगळं सांगितलं. वाटलं होतं आई जवळ घेईल. मंजुळाबाईंनी हातातलं लाटणं खाली ठेवलं.

"मपला आवाज तू कव्हा भरून घेतलास?"

"आई, मी चांगल्यासाठीच..."

"त्यानं कापला. पण आधी तू न इचारता घेतलास. मी मोरीशी बोलायले होते, जगाशी न्हवते बोलायले. मला कुणी इचारलंच न्हाई, ना कंपनीत ना घरात."

स्वप्नालीला राग आला, रडूही आलं. आई बरोबर बोलत होती, त्यानं राग आणखीच वाढला. "उडवून टाकते तो ट्रॅक," ती म्हणाली.

"उडवतीस कशाला? आता समद्यांनी अर्धं ऐकलंय, तर पुरं ऐकू दे. ढोल बी राहू दे त्याचा. पण शब्द एक कापायचा न्हाई. आणि नाव घाल मपलं, मोठ्या अक्षरात."

मग मंजुळाबाई रेकॉर्डरसमोर बसून पुन्हा बोलल्या. या वेळी त्यांनी सुपरवायझर काय म्हणाला होता तेही जसंच्या तसं सांगितलं. स्वप्नालीनं रणजीतची बीट त्यांच्या बोलण्याखाली ठेवली, वर येऊ दिली नाही. ट्रॅक त्याला पाठवला. खाली एवढंच लिहिलं, बदल चालणार नाही.

त्याचं उत्तर आलं, "ट्रॅक भारी झालाय. पण माझं नाव काढ. चुलते भडकलेत."

तिनं लिहिलं, "बीट तुझी आहे. नाव राहील."

आणि अल्बम ऑनलाइन सगळीकडे टाकला. थोड्याच वेळात फोन वाजायला लागला. रणजीत. तिनं फोन पालथा घातला. तो थांबला, परत वाजला.

"उचल की," मंजुळाबाई म्हणाल्या. "गप बसून राग जात न्हाई. आतल्या आत सडतो. बोल त्याला काय बोलायचं ते."

स्वप्नालीनं फोन उचलला. तिकडून तो "हे बघ" म्हणाला तेवढंच. पुढं बराच वेळ ती आवाज चढवून बोलत होती, आणि शेजारच्या खोल्यांची दारं एकेक उघडत गेली.